एकतीस दात्यांचं चाक

तुम्ही दोघं लहान असताना सुट्टीत आलात की तुम्हाला आजोबांच्या मोटरसायकलवर बसायचं असायचं. फिरायला नको, नुसतं उभ्या गाडीवर बसायचं आणि गिअरच्या पेडलवर पाय आपटायचे. मी ओरडायचे, आणि आजीचा आपल्यापेक्षा गाडीवर जास्त जीव आहे असं तुम्हाला वाटायचं. मी ओरडत होते ती गाडीच्या पोटातल्या लहान लहान दातेरी चाकांसाठी. त्यातल्या एका चाकावरून गेल्या वर्षी जे झालं ते तुम्हाला नीट, क्रमानं सांगायचं आहे. फोनवर सांगता येत नाही, कारण फोन तुमच्या बाबांच्या हातात असतो. मराठी तुम्हाला हळू वाचावं लागतं हे मला ठाऊक आहे. हळूच वाचा.

शाळेतून निवृत्त झाल्यावर, अठ्ठावन्नाव्या वर्षी मी मोटरसायकल शिकले, असं नातेवाईक सांगतात आणि हसतात. खरं शिकणं त्याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं. त्या काळी आम्ही बायका साडी सावरून मागच्या सीटवर डावीकडे दोन्ही पाय सोडून बसायचो. तसं बसलं की नजर आपोआप खाली जाते, आणि खाली बरोबर चालवणाऱ्याचा डावा पाय असतो. बाजाराला, लग्नकार्याला, दवाखान्यात जाताना मी वर्षानुवर्षं तुमच्या आजोबांचा डावा पाय बघत गेले. आमच्या गाडीचं गिअरचं पेडल दुहेरी आहे. पुढचं टोक पंजानं दाबलं की वरचा गिअर पडतो, मागचं टोक टाचेनं दाबलं की खालचा. आजोबांची चप्पल पुढे कलायची, बारीक 'टक्' व्हायचं, आणि इंजिनाचा आवाज खाली येऊन पुन्हा चढायला लागायचा. पुढेपुढे ते कधी गिअर बदलणार हे मला त्यांच्या आधी कळायला लागलं. एकदा मी मागून म्हटलं, "तिसरा टाका की आता."

"मागं बसून हुकूम सोडण्यापेक्षा पुढे ये," ते म्हणाले.

मी निवृत्त झाले त्याच महिन्यात त्यांनी मला खरोखरच पुढे बसवलं. आमच्या सोलापूरची गड्ड्याची जत्रा उठून ती भरते ते होम मैदान मोकळं झालं होतं. सकाळी सहाला मी पंजाबी ड्रेस आणि कॅनव्हासचे बूट घालून गाडीवर, आणि तुमचे आजोबा बाजूनं पळत. फिरायला आलेली माणसं थांबून बघायची. आजोबा पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर होते, त्यामुळे कुठलीही गोष्ट ते पाण्यावरून किंवा माणसांवरून समजावायचे. गिअरबॉक्स त्यांनी माणसांवरून समजावला. म्हणाले, "इंजिन एका वेगानं पळतंय, मागचं चाक दुसऱ्या वेगानं. गिअरबॉक्स म्हणजे दोघांचं जमवून देणारा मध्यस्थ. दोघांचं पटलेलं नसताना तू जबरदस्ती केलीस तर दात पडणार, आणि तेही बिचाऱ्या मध्यस्थाचे."

त्यांच्या पद्धतीत घाईला जागा नव्हती. आधी रेस सोडायची, मग क्लच पूर्ण दाबायचा, अगदी मुठीला लागेपर्यंत. अर्ध्या क्लचवर गिअर टाकला तर तो पडतो, पण दाते एकमेकांवर घासून पडतो. गिअर टाकून झाला की पाय पेडलवरून काढून घ्यायचा. पुष्कळ लोक पाय तिथेच टेकवून गावभर हिंडतात. त्या पायाचं ओझं आत चाकं सरकवणाऱ्या काट्यांवर येतं, काटे झिजतात, आणि मग एक दिवस चालत्या गाडीत गिअर आपला आपण सुटतो. गिअर पडत नसेल तर लाथ मारायची नाही. क्लच सोडायचा, पुन्हा दाबायचा, मग हलकेच टाकायचा. सिग्नलला थांबायचं असेल तर गाडी चालती असतानाच एकेक करून खाली यायचं, कारण उभ्या गाडीत गिअर अडून बसतात. चेन फार ताणायची नाही, नाहीतर बॉक्सच्या बेअरिंगला त्याचा त्रास. मी दोनदा पडले, एकदा गुडघा फुटला. पण दाते कधी घासले नाहीत.

गाडीचं दुरुस्तीचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आजोबांनी कुठून तरी मिळवलं होतं. ते वाचायचा त्यांना कंटाळा. मी मिशनच्या शाळेत इंग्रजीतून शिकलेली आणि पुढे जन्मभर इंग्रजीच शिकवलेली, त्यामुळे संध्याकाळी मी वाचायचे आणि त्यांना मराठीत सांगायचे. आमच्या गाडीत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स तिघं एकाच ऑइलवर जगतात, ऑइल काळं पडलं की तिघांचेही हाल, हे मला त्या पुस्तकातून कळलं. मग मी एक वही केली. ऑइल कधी बदललं, नटाखालचा तांब्याचा वायसर कधी नवा टाकला, चेन कधी ओढली, आणि कधी गिअर चुकला तर तेही. आजोबा हसायचे, "हिनं गाडीलाही प्रगतिपुस्तक दिलं."

गाडी घेतल्यापासून आमचा मिस्त्री एकच. वैरागकडचा माणूस, तरुणपणी सोलापुरात येऊन त्यानं रस्त्याच्या कडेला पत्र्याचं गॅरेज टाकलं, आता तिथेच पक्कं दुकान आहे. आजोबांना तो साहेब म्हणायचा आणि मला म्याडम. आमच्या गाडीला त्याच्याशिवाय कोणाचा पाना लागला नाही. सहा वर्षांपूर्वी आजोबा गेले तेव्हा तुमचे बाबा विमानात होते. त्यांना पोचायला दोन दिवस लागणार होते आणि तेवढं थांबणं शक्य नव्हतं. पहिला खांदा या मिस्त्रीनं दिला. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं समजायला ते लागेल.

आजोबांनंतर मी गाडी बंद केली नाही. नेहमीचा बाजार, बँक, आणि दर गुरुवारी सकाळी जुळे सोलापूरला माझ्या मैत्रिणीकडे. ती आमच्याच शाळेत गणित शिकवायची. तिची दोन्ही डोळ्यांची दृष्टी जवळजवळ गेली आहे, म्हणून मी तिला वर्तमानपत्र वाचून दाखवते.

गेल्या उन्हाळ्यात तुमचे बाबा एकटेच दहा दिवस येऊन गेले. तुमच्या शाळा चालू होत्या. मी हेल्मेट काढत दारात शिरले आणि ते बघतच राहिले. रात्री जेवताना त्यांनी विषय काढला.

"आई, तू एकाहत्तर वर्षांची आहेस."

"मला मोजता येतं."

"रस्ते बघतेस ना इथले? रिक्षा कुठूनही वळतात."

"त्या तुझ्या लहानपणीही वळायच्या. तुला पुढे टाकीवर बसवून तुझे बाबा त्यातूनच न्यायचे."

"बाबांची गोष्ट वेगळी होती."

ते मला लागलं. मी ताटावरून उठले, वही आणली आणि त्यांच्यासमोर लिहिलं. ज्या दिवशी माझ्या हातून गिअरबॉक्सला इजा होईल त्या दिवशी मी समजेन की पाय आणि कान थकले, आणि कोणी न सांगता किल्ली काढून ठेवीन. खाली सही केली. तुमच्या बाबांनी ते दोनदा वाचलं. "नक्की?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मी लिहिलेलं कधी मोडलंय?" ते म्हणाले, "नाही. कधीच नाही." मला वाटलं, विषय संपला.

जुलैत नवी पेठेत माझ्या हातून एक गिअर चुकला. पोलक्यांचं कापड घेऊन निघाले होते. गर्दी विरळ झाली म्हणून तिसरा टाकला, आणि समोर एक रिक्षा आडवी झाली. ब्रेक मारता मारता मी घाईनं खाली आले, शेवटच्या गिअरला क्लच पूर्ण दाबला गेला नाही, आणि जात्यात खडा यावा तसा 'कर्र' आवाज झाला. एकदाच. पुढे घरापर्यंत चारही गिअर लोण्यासारखे पडत होते. मी घरी येऊन वहीत नोंद केली, आणि रविवारी फोनवर तुमच्या बाबांना हसत हसत सांगितलंही. लपवण्यासारखं काही नव्हतं.

"फार मोठा आवाज झाला का?" त्यांनी विचारलं. किती आस्थेनं विचारतो आहे, असं मला वाटलं.

चार दिवसांनी मिस्त्रीचा फोन आला. "म्याडम, सर्विसिंगची वेळ झाली की. मीच येतो, गाडी घिऊन जातो." एरवी फोन मी करत असे. या खेपेस त्यानं केला, त्यातही मला आस्थाच दिसली.

आठ दिवसांनी गाडी टेम्पोतून परत आली. मिस्त्रीनं वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेलं एक लोखंडी चाक माझ्या हातात दिलं. तळहाताएवढं, जड, तेलकट. त्याचे दोन दाते मुळापासून तुटले होते.

"दात गेलं म्याडम. हे बगा."

"कशानं?"

तो गाडीकडे बघत म्हणाला, "आता काय सांगू. कुटंतरी क्लच पुरा दाबला न्हाय आन गिअर हानला. एकदाच आसं झालं तरी बास हाय."

"नवीन चाक टाकता येईल ना?"

"ह्या गाडीचं सामान आता येत न्हाय. जुन्या बाजारात बी बगितलं. न्हाय गावलं."

मी गाडीवर बसून पेडल दाबलं. पूर्वी ते दाबलं की वर उसळी मारून यायचं. आता पंजानं दाबलं तर खालीच पडून राहिलं, लकवा झालेल्या हातासारखं. मी उतरले. मिस्त्री गेला. मग किल्ली काढून देवाच्या कपाटातल्या खणात ठेवली, वहीत तारीख घातली, आणि तुमच्या बाबांना फोन केला. ते म्हणाले, "जाऊ दे आई. तुझी काही चूक नाही. जुनीच गाडी ती."

तुझी काही चूक नाही. ते वाक्य मी नऊ महिने उराशी धरून होते, आणि ते म्हणणाऱ्याचा मोठेपणा मानत होते.

त्या नऊ महिन्यांबद्दल फार लिहीत नाही. जुळे सोलापूरला जायला रिक्षा मिळते, परत यायला मिळत नाही. म्हणून दर गुरुवारचं जाणं महिन्यातून दोनदा झालं, मग एकदा. मैत्रीण म्हणायची, "तू येत नाहीस तेव्हा जगात काहीच घडत नाही बघ." मला मात्र गाडीपेक्षा पायाचं जास्त वाटायचं. जिना उतरताना मी डाव्या पायाकडे संशयानं बघायचे. ज्या माणसानं मला 'आधी क्लच पूर्ण दाब' असं शंभर वेळा सांगितलं, त्याची तेहेतीस वर्षं जपलेली चीज मी एका रिक्षेपायी मोडली. नवी पेठेतला तो क्षण मी रोज नव्यानं चालवून बघत होते आणि रोज क्लच पूर्ण दाबत होते.

दसऱ्याला दरवर्षीप्रमाणे गाडी धुतली. झेंडूचा हार घातला, हँडलला हळदकुंकू लावलं. तुटलेलं चाकही पाटावर ठेवून त्याला कुंकू लावलं. संध्याकाळी मिस्त्री आपट्याची पानं घेऊन आला. तोही रिवाज जुनाच.

"सोनं घ्या म्याडम. सोन्यावानी ऱ्हावा."

मी त्याच्या हातावर पेढा ठेवला आणि म्हटलं, "तुम्हाला माझा राग आला असेल. तुम्ही इतकी वर्षं सांभाळलेली गाडी."

त्याची नजर पाटावरच्या चाकावर गेली. कुंकवाकडे तो थोडा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "पानी द्या जरा." उभ्या उभ्या तांब्या संपवला आणि पेढा हातातच घेऊन गेला. मला वाटलं, याला माझ्यापेक्षा जास्त दुःख झालं आहे.

माझ्या घरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते, तुम्ही त्यावरून मला चिडवता. एप्रिलमध्ये कपाट आवरताना ते चाक ठेवलेल्या डब्यावर चिठ्ठी नाही असं लक्षात आलं. काय लिहायचं? गिअरबॉक्समध्ये बरीच चाकं असतात. हे कितव्या गिअरचं ते मिस्त्रीनं सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. मी चाक आणि ते इंग्रजी पुस्तक पिशवीत टाकून मैत्रिणीकडे गेले. म्हटलं, वर्तमानपत्र झालं की तिथेच शोधू.

तिनं पिशवीचा आवाज ऐकून हात पुढे केला. "काय आणलंस? खायचं आहे?"

"तुझ्या दातांना झेपणार नाही," मी म्हटलं आणि चाक तिच्या हातात ठेवलं.

तिनं ते फिरवलं. "अय्यो, याचेही दोन पडलेत की. माझीच जात आहे." घरात ती कानडी बोलते, त्यामुळे तिचं मराठी नेहमी थोडं गाण्यासारखं येतं. मी पुस्तकातलं पान शोधत होते तोवर तिनं एका तुटक्या दात्याशी डावा अंगठा रोवून, उजव्या नखानं एकेक दाता चाचपत ओठांतल्या ओठांत मोजायला सुरुवात केली. हातात काही आलं की मोजायचं, ही तिची सवयच.

"एकतीस," ती म्हणाली. "पडलेले दोन धरून. तुझ्या पुस्तकात एकतीस दात्यांचं चाक कितव्या गिअरचं आहे ते वाच, झालं."

त्या पुस्तकात प्रत्येक गिअरच्या जोडीचे दाते दिलेले आहेत. मी वाचलं. "पहिल्याची जोडी, बारा आणि चौतीस. दुसऱ्याची सतरा आणि एकोणतीस. तिसऱ्याची एकवीस आणि सव्वीस. चौथ्याची चोवीस आणि तेवीस."

"पुढे?"

"किकचं चाक. अठ्ठावीस."

"पुढे?"

"संपलं."

"एकतीस?"

"नाही."

तिनं चाक पुन्हा फिरवलं. मी म्हटलं, "तू मोजण्यात चुकली असशील."

"पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना मोजायला शिकवलं मी. तुला डोळे आहेत, तू मोज."

मी पेनानं खूण करून मोजलं. एकतीस. पुन्हा मोजलं. एकतीस.

"पुस्तकात छापताना चूक झाली असेल," मी म्हटलं.

"असेल. जोड्यांची बेरीज कर. बारा आणि चौतीस सेहेचाळीस. सतरा आणि एकोणतीस सेहेचाळीस. शेवटच्या दोन सत्तेचाळीस. म्हणजे आतल्या दोन दांड्यांमधलं अंतर ठरलेलं आहे, त्यात बसायला बेरीज एवढीच लागते. एकतीसला जोडीदार पंधरा नाहीतर सोळाचा हवा. आहे का कुठे?"

"नाही."

"मग हे तुझ्या गाडीत बसणारच नाही गं." तिनं चाक माझ्या हातात दिलं आणि हात पदराला पुसले. मग हळूच म्हणाली, "तुझ्या गाडीचं नव्हेच हे." चहावर साय धरली होती. आम्ही दोघींनी तो तसाच ठेवला.

तिथून मी सरळ गॅरेजवर गेले. मिस्त्री एका गाडीचं मागचं चाक काढत बसला होता. मी ते चाक त्याच्या टेबलावर पान्यांच्या मध्ये ठेवलं.

"हे कोणाचं?"

तो उठला. हात पुसायला कापड शोधायला लागला, ते त्याच्या खांद्यावरच होतं.

"म्याडम, बसा की."

"बसत नाही. याला एकतीस दाते आहेत. माझ्या गाडीत एकतीस दात्यांचं चाक नसतं. पुस्तकात बघून आले."

"पुस्तकात दात बी लिवलेलं असत्यात?"

"सगळ्या चाकांचे."

तो खाली बघून हसला, पण ते हसू नव्हतं. "साहेब असते तर म्या न्हाय आसं केलं असतं," तो म्हणाला. "वैरागच्या एका दूधवाल्याचं हाय ते. चार कॅन लावून पयल्यावरनं डायरेक तिसरा टाकायचा. त्येनं मोडलं."

म्हणजे नऊ महिने मी वैरागच्या त्या दूधवाल्याचं पाप डोक्यावर घेऊन फिरत होते. दसऱ्याला त्याच्या चाकाला कुंकू लावलं होतं.

"का केलंत?"

मग त्यानं सांगितलं, मध्येच थांबत, कापड हातात पिळत. "तुमच्या मुलाचा फोन आला हुता. म्हनले, आईला तितं तुमीच हाय. उद्या रस्त्यात काय झालं तर मला फोन कोन करंल? तुमीच. तो फोन करायची तयारी हाय का, आसं इचारलं त्येनी. म्याडम, साहेबांच्या येळचा फोन मीच केला हुता. म्या म्हनलं, न्हाय, मला पुन्ना जमायचं न्हाय."

"आणि अट?"

"ती बी त्येनीच सांगितली. आई शब्दाला लई पक्की हाय म्हनले. गिअरबॉक्स गेला एवढंच म्हना, म्होरं त्या सोताच थांबतील."

"बॉक्स उघडलात?"

"न्हाय, न्हाय. साहेबांनी जपल्याला बॉक्स, त्याला मी कशाला हात लावू. क्लचच्या बाजूचं झाकन काडलं, पेडल माघारी आननारी स्प्रिंग काडून ठिवली. बाकी सगळं जसंच्या तसं हाय." त्यानं खण उघडला. बामच्या रिकाम्या डबीत कापसावर ठेवलेली एक वळलेली स्प्रिंग होती, बोटाच्या पेराएवढी. "कंदी ना कंदी तुमाला द्यायची म्हनून ठिवली हुती. दसऱ्याला सांगनार हुतो. पर ते कुकू बगितलं आन नुसतं पानी पिऊन निघालो."

बॉक्सशी त्यानं इमान राखलं होतं. मला मात्र त्यानं माझ्याच पायाबद्दल खोटं सांगितलं होतं. ज्यानं पहिला खांदा दिला त्याच्यावर ओरडता येत नाही, हे त्यालाही माहीत असावं. "उद्या सकाळी घरी या," मी म्हटलं, "आणि माझ्यासमोर बसवा."

तो आला. मी स्टूल टाकून शेजारी बसले, पुस्तक उघडं ठेवून. त्यानं झाकण काढलं, क्लच काढला, स्प्रिंग बसवली. त्याला तासभर लागला. नवं ऑइल मी स्वतः ओतलं. किक मारली, क्लच पूर्ण दाबला, पंजा टेकवला. टक्. चारही गिअर पडले, नऊ महिन्यांची झोप झाल्यासारखे. "बगा," तो म्हणाला. मी म्हटलं, "बघते." यापुढे ऑइल मी बदलणार आहे. पुस्तकात सगळं आहे, आणि खाली वाकता येईपर्यंत मला कोणाची गरज नाही. तो अजून रस्त्यात भेटला की हात जोडतो. मीही जोडते.

रविवारी तुमच्या बाबांना फोन लावला. कॅमेरा गाडीकडे केला आणि पेडल हातानं दाबून दाखवलं. ते उसळून वर आलं. तुमच्या बाबांनी चष्मा काढला.

"कुणी सांगितलं?"

"दात्यांनी."

ते म्हणाले, "आई, मी दुसरं काय करायला हवं होतं?"

"मला विचारायचं."

"विचारलं होतं. तू नाही म्हणालीस."

"मग ते ऐकायचं."

"मला तिथे यायला दोन दिवस लागतात. बाबांच्या वेळी काय झालं ते तुला माहीत आहे. तुला काही झालं आणि मी पुन्हा विमानात असलो तर?"

हे मला कळतं. ही भीती खरी आहे आणि तिला माझ्याकडे उत्तर नाही. तेवढंच म्हणून ते थांबले असते तर मी कदाचित किल्ली स्वतःच ठेवली असती. पण त्यांनी मी दिलेला शब्द घेतला आणि त्याचाच पाना करून मला आवळलं. शब्द मोडणाऱ्या आईशी त्यांना असं करता आलं नसतं. मी त्यांना म्हटलं, "गाडी बंद केलीस ते समजू शकते. तुझ्या बाबांची गाडी मी मोडली असं मला सांगितलंस, आणि वर माझी चूक नाही म्हणालास."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. आणि तेवढ्यात मागून आवाज आला, "आजीला कळलं?"

धाकट्या, तो तुझा आवाज होता. आणि त्यावर 'श्श' केलं ते थोरलीनं.

म्हणून हे लिहिते आहे. तोवर मला वाटत होतं, तुमच्या बाबांनी आणि मिस्त्रीनं मिळून केलं. तुमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. थोरले, डिसेंबरमध्ये तू तिकडे गाडी चालवायला शिकत होतीस, आणि मी तुला फोनवर क्लचबद्दल सांगताना माझंच उदाहरण दिलं होतं. नवी पेठेत मी घाई केली, दाते गेले, तू तसं करू नकोस. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "होतं गं आजी असं." तुला वाईट वाटलं असेल, मला खात्री आहे. मिस्त्रीलाही वाटलं होतं.

ते उदाहरण खोटं आहे, ते मनातून काढून टाक. क्लच पूर्ण दाबायचा हे मात्र खरं आहे.

गाडी चालू आहे. दर गुरुवारी मी पुन्हा जुळे सोलापूरला जाते. एक फरक पडला आहे. पूर्वी गिअर पडला की मी पुढचा रस्ता बघायचे. आता 'टक्' झाल्यावर थोडा वेळ कान आतच राहतो, आणि तेवढा वेळ समोर कोण येतं आहे हे मला दिसत नाही. तुमच्या बाबांना ज्याची भीती होती त्याच्या मी आता जरा जवळ गेले आहे, पण हे त्यांना सांगू नका. एवढं गुपित माझंही ठेवता येईल तुम्हाला.

दूधवाल्याचं चाक मी त्याच डब्यात ठेवलं आहे. चिठ्ठीवर लिहिलं, 'दाते एकतीस. आमचं नाही.' आणि वहीतली जुनी अट पट्टी धरून एका रेघेनं खोडली. माझी गाडी कधी थांबेल याची नवी अट तिच्या खाली लिहिली आहे. ती पुरती विचार करून घातलेली आहे, आणि मी ती पाळीन. पण या वेळी ती कोणाला वाचायला देणार नाही. वही कपाटात आहे, कपाटाला कुलूप आहे, आणि तुम्ही दिवाळीत आलात की तुम्हाला गाडीवर बसायला मिळेल. पेडलवर पाय आपटायचे नाहीत.